टीडीए २०३०ए चा घरगुती अ‍ॅम्प्लिफायर: पावसाळा काढल्यानंतर

उन्हाळ्यात हा अ‍ॅम्प उभा केला, आता दिवाळीचा फराळही संपलाय. मधल्या काळात तो रोज सकाळी वाजलाय, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या कौतुकापलीकडचं थोडं सांगता येईल.

आत दोन टीडीए २०३०ए (स्पीकर चालवणाऱ्या पॉवर आयसी), त्यांच्या आधी ४५५८ या ऑप-अ‍ॅम्प आयसीवर बांधलेला बास-ट्रेबल, १२-०-१२ चा ३ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर. बाहेर जुने ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर. किट आणि बाकीचा माल पुण्यातल्या तापकीर गल्लीतला. आयसी सगळ्यात स्वस्त पडली आणि तिनेच सगळ्यात कमी त्रास दिला. पैसे खाल्ले ते ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि डब्याने. माझ्या मते ते तिथेच जायला हवेत.

बोर्डावर '१०० वॅट' छापलेलं दिसलं तर हसून सोडून द्या. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७, डायोडचे वजा करून १६. त्यातले दोन-तीन आयसी स्वतःकडे ठेवते. उरलेल्या १३ व्होल्टांत ८ ओहमवर जेमतेम दहा वॅट निघतात. हॉलला तेवढे रग्गड आहेत. फक्त आयसी घेताना शेवटचा 'ए' बघून घ्या. साधी २०३० ±१८ व्होल्टपर्यंतच तग धरते, 'ए'वाली ±२२ पर्यंत. लोड नसताना ट्रान्सफॉर्मर जास्तच देतो आणि आमच्याकडे रात्री लाइन २४० च्या वर जाते, तेव्हा ही फट उपयोगी पडते. आयसीची धातूची पाठ आतून मायनस सप्लायला जोडलेली असते. वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूचं बुश न घालता हीटसिंकवर आवळली आणि हीटसिंक डब्याला टेकला, की शॉर्ट होऊन संपलं. मीटरचा बीप लावून तपासायचं, आणि पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वायरीत ६० वॅटचा सिरीज बल्ब लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून राहिला तर प्लग काढा.

खरा वेळ गेला हमिंगमध्ये. वाजवायला घेतलं की कळत नाही. तानपुऱ्यावर नुसता सा लागलेला असतो तेव्हा मागची घूं ऐकू येते. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही ती जात नसेल तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, पॉवर बोर्डात किंवा सप्लायमध्ये असतो. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर तो आधीच्या भागात शोधायचा. माझ्याकडे दोन्ही होतं. ५० हर्ट्‌झची जाड घूं ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येत होती. टोनचा बोर्ड डब्याच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि ट्रान्सफॉर्मर सैल करून जागच्या जागी फिरवत गेलो. एका कोनात आवाज जवळजवळ बसला, तिथेच स्क्रू आवळले. दुसरी होती १०० हर्ट्‌झची कर्कश बझ. किटच्या पीसीबीवर इनपुटची ग्राउंड आणि कपॅसिटर चार्ज होतानाचा करंट एकाच बारीक पट्टीतून नेलेला होता. ती पट्टी कापली. दोन्ही कपॅसिटरच्या सामाईक टोकापासून इनपुट, स्पीकर आणि टोन बोर्ड यांना वेगवेगळ्या ग्राउंड वायरी दिल्या. बझ गेली. पीसीबी काढणाऱ्याने हे आधीच केलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते.

बास-ट्रेबलची रचना पीटर बॅक्सँडॉल यांची, १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आलेली. त्याआधीच्या पॅसिव्ह सर्किटात सिग्नल आधी बराच दाबला जायचा आणि मग पुन्हा वाढवावा लागायचा. त्यांनी नॉबचं जाळं फीडबॅकमध्येच, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत घातलं. त्यामुळे नॉब मध्यावर असताना आवाज जसाच्या तसा जातो आणि साधे लिनिअर पॉट (नॉबमागचे, फिरवू तसे समान बदलणारे रेझिस्टर) चालतात. व्हॉल्यूमला मात्र लॉग पॉट हवा, जो सुरुवातीला हळू आणि पुढे भराभर चढतो. पॉटवर 'बी' असेल तर लिनिअर, 'ए' असेल तर लॉग. किटमध्ये तिन्ही 'बी' होते. नॉब पाव फिरवला की घर दणाणायचं आणि पुढच्या पाऊण फेऱ्यात काहीच व्हायचं नाही. 'ए' पॉट टाकल्यावर प्रकरण मिटलं.

आता बास. नॉब पूर्ण फिरवला की १०० हर्ट्‌झच्या आसपास १०-१२ डेसिबल चढतात, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. दहा वॅटच्या अ‍ॅम्पकडे ती कुठून येणार? मोठ्या आवाजात डग्ग्याचा घुमारा जाऊन नुसती फटफट उरते. आवाज बेतात असेल तर मात्र याच नॉबने पैसे वसूल केले. हळू आवाजात कानाला खालचे स्वर मुळातच कमी लागतात, त्यामुळे सकाळी घरचे झोपलेले असताना बास थोडा चढवला की भीमसेनजींच्या मागचा तबला पुन्हा भरीव वाटतो. जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर ट्रेबल उतरवून जाते, पण त्याबरोबर झांजाही मिटतात. तेव्हा मी तिथे फार हात घालत नाही.

ब्लूटूथ बोर्ड याच सप्लायवर ७८०५ (५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर आयसी) लावून चालवला तर गाण्याच्या मधल्या शांततेत चिर्रर्र ऐकू यायचं. त्याला वेगळा मोबाइल चार्जर दिला, आवाज बंद. चार्जिंगला लावलेला लॅपटॉप जोडला की पुन्हा बझ येते. बॅटरीवर असताना येत नाही, म्हणजे ग्राउंड लूप: दोन वाटांनी जोडलेल्या ग्राउंडमधून फिरणारा करंट. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला गल्लीत सर्रास मिळतो; तो ऐकू नका. ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो लावा.

श्रावणात पॉट खरखरायला लागले. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब मागेपुढे फिरवले की तात्पुरतं थांबतं, पण स्वस्त पॉटची कार्बनची पट्टीच घासली जाते, मग बदलण्याला पर्याय नसतो. बाकी कशाला हात लावावा लागला नाही. तासभर वाजल्यावर हीटसिंकवर बोट ठेवता येतं.

एक खटकणारी गोष्ट अजून तशीच आहे. अगदी हळू आवाजात डावा स्पीकर उजव्यापेक्षा मोठा वाजतो, कारण दुहेरी पॉटच्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोन पट्ट्या सुरुवातीच्या टप्प्यात जुळत नाहीत. दुकानदाराने दोन पॉट बदलून दिले, फरक पडला नाही. आता रोटरी स्विचवर रेझिस्टर लावून पायऱ्यापायऱ्यांचा व्हॉल्यूम करायचा विचार आहे. स्विच चांगला घेतला तर तो आयसीच्या कितीतरी पट महाग पडेल, पण घेणार.