क्रॉल स्पेसमधला हीट पंप वॉटर हीटर : दोन हिवाळे आणि एक जुलै

हीटर उत्तम आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच चिडलेली दिसेन आणि तो राग हीटरवर नाही. राग आहे तो कंडेन्सेट पंपाच्या, म्हणजे यंत्रांनी हवेतून काढलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या छोट्या पंपाच्या, दोन वायरी न जोडता, बिलाचा चेक खिशात घालून निघून गेलेल्या मंडळींवर.

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. नव्वदच्या दशकातलं, उतारावरचं. इकडे तळघरं कमीच. बुटक्या भिंतींवर घर उचललेलं आणि त्याखाली क्रॉल स्पेस, म्हणजे सरपटत शिरायची मोकळी जागा. आमच्याकडे पुढच्या बाजूला कोपरांवर सरपटावं लागतं, पण मागच्या बाजूला जमीन उतरत गेल्यामुळे मी सरळ उभी राहू शकते. हीटर तिथे बसवलाय. ज्यांच्या घराखाली सगळीकडे अडीच-तीन फुटांचीच जागा आहे त्यांनी या हीटरचा विचार सोडून द्यावा. 50 गॅलनचा हीट पंप हीटर पाच फुटांहून उंच असतो आणि तो आडवा टाकून चालत नाही. तिथे बुटका, रुंद, साधा इलेक्ट्रिक हीटर बसतो, किंवा गॅस असेल तर भिंतीवरचा, टाकी नसलेला ‘टँकलेस’.

जुना इलेक्ट्रिक हीटर तळाशी गंजून गळायला लागला म्हणून 2024 च्या ऑक्टोबरात हा घेतला. साधा 50 गॅलनचा हीटर लेबलप्रमाणे वर्षाला सुमारे 3,500 युनिट वीज खातो, हा 900 च्या आसपास. किंमत मात्र दुपटीहून जास्त. तेव्हा केंद्र सरकारची 30 टक्के, कमाल 2,000 डॉलरची करसवलत होती, तिच्या जोरावरच हिशेब बसला. ती 2025 अखेर बंद झाली, त्यामुळे आता घेणाऱ्यांनी आपल्या वीज कंपनीची काही सूट आहे का ते आधी बघावं आणि मगच गणित मांडावं.

घेताना मला थंडीची धास्ती होती. हा हीटर आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो. हवा साधारण 37 फॅरनहाइटच्या खाली गेली की कॉम्प्रेसर थांबतो आणि आतली साधी कॉइल चालू होते, म्हणजे बचत संपली. घराखाली, जानेवारीत, हे कसं चालणार? दोन हिवाळ्यांनंतर सांगते, व्यवस्थित चालतं, पण एका अटीवर. आमचा क्रॉल स्पेस बंद केलेला आहे: जमिनीवर आणि भिंतींवर जाड प्लॅस्टिक, बाहेरच्या हवेच्या जाळ्या बुजवलेल्या. बाहेर सगळं गोठलेलं असतानाही खालचा थर्मामीटर पन्नाशीच्या खाली गेलेला मी पाहिला नाही. जाळ्या उघड्या असत्या तर मी हा घेतलाच नसता.

क्रॉल स्पेस बंद करायला अजूनही कां-कूं करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रॅलेच्या अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने आपल्याच राज्यात, प्रिन्सव्हिल गावी, 12 घरांवर याचा अभ्यास केला होता. बंद क्रॉल स्पेसच्या घरांत घर गरम-गार करण्याची वीज 15 टक्क्यांहून जास्त वाचली आणि खालची हवा उन्हाळ्यात कितीतरी कोरडी राहिली. इकडच्या दमट उन्हाळ्यात बाहेरची हवा खाली खेळवणं म्हणजे लाकडी तुळयांना बुरशीचं आमंत्रणच.

हीटर हवेतला ओलावाही खेचतो, त्यामुळे वेगळा डीह्युमिडिफायर लागणार नाही असं दुकानात सांगितलं होतं. पहिल्या वसंतात मीही मैत्रिणींना तेच सांगत सुटले होते. उन्हाळ्यात मत बदललं. चौघांच्या घरात हीटर दिवसातून काही तासच चालतो आणि तेवढ्याने भागत नाही. आता छोटा डीह्युमिडिफायर ठेवलाय. बचतीतला काही भाग तो खातो, पण तुळया कोरड्या आहेत.

आता पंप.

हीटरने हवेतून काढलेलं पाणी कुठेतरी सोडावं लागतं. त्याच्या शेजारी घर गरम-गार करणारा एअर हँडलर जमिनीलगत आडवा बसवलेला आहे, त्याचं पाणी जेमतेम काही इंचांवरून बाहेर पडतं, म्हणून त्याला पंप लागतोच. बसवणाऱ्यांनी हीटरची नळीही त्याच पंपात सोडली. हीटरची नळी चांगली उंचावरून निघते, बाहेरची भिंत तीन फुटांवर, पलीकडे उतार. पाणी आपोआप गेलं असतं. पण विटेला भोक पाडायची मेहनत वाचवली.

जुलैत हीटरची हवेची जाळी धुवायला खाली गेले तर प्लॅस्टिकवर पाण्याचं डबकं. पंपाच्या डब्यात शेवाळासारखा चिकट थर साठून फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणारा तरंगता भाग, अडकला होता. जुलैत एसीचं पाणी बादल्यांनी निघतं, ते सगळं डब्यावरून वाहून माझ्या स्वच्छ प्लॅस्टिकवर. बॅटरीच्या उजेडात पंपाच्या मागे बघितलं. वीज येण्याच्या जाड वायरीखेरीज आणखी दोन बारीक वायरी निघत होत्या. नीट गुंडाळी केलेली, वर काळी टेप, टोकं कापलेली.

त्या वायरी शोभेच्या नाहीत. डबा काठोकाठ भरला की आतला दुसरा फ्लोट वर येतो आणि त्या वायरींतून जाणारा 24 व्होल्टचा मार्ग तुटतो. थर्मोस्टॅटची वायर त्यांच्यातून नेली की पंप बिघडल्याबरोबर एसी बंद. घर तापतं, माणूस खाली जाऊन बघतो, डबकं होत नाही. इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड या घरबांधणीच्या नियमावलीच्या एम 1411 कलमात हे स्पष्ट आहे: क्रॉल स्पेस किंवा अ‍ॅटिकसारख्या न राहत्या जागेतला पंप बंद पडला तर त्याच्यावर अवलंबून असलेलं यंत्र चालता कामा नये, अशीच जोडणी हवी. राज्याराज्यांत कोड थोडाफार बदलून स्वीकारतात, म्हणून आपल्या गावच्या इन्स्पेक्शन खात्याला विचारावं. पण वायरी पंपाबरोबरच आलेल्या असताना त्या कापून ठेवायचं कारण कुठल्याच कोडमध्ये सापडणार नाही.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. हीटर बसवणारे म्हणाले, पंप आमच्या वॉरंटीत येत नाही. एसीवाले म्हणाले, पंप हीटर बसवणाऱ्या प्लंबरने बदललाय, त्याला विचारा. हीटर बनवणाऱ्या कंपनीच्या फोनवरच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि खरं तेच सांगितलं, की पंप त्यांचा नाहीच. मी फोटो पाठवले, कलम पाठवलं. पुन्हा येऊन बघायचे पैसे आधी भरा, असं उत्तर आलं. ते मी भरले नाहीत. स्वतःच्या चुकीची पाहणी करायला गिऱ्हाईकाकडून पैसे मागणं मला मान्य नाही आणि इथल्या कुणीही ते मान्य करू नये.

शेवटी ओळखीतून एक एकटा काम करणारा एसी तंत्रज्ञ मिळाला. त्याने पंप धुतला, वायरी जोडल्या, हीटरची नळी भिंतीतून बाहेर काढली. वायरी जोडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मग मी सांगायच्या आत त्याने पंपाची वीज काढली आणि बाटलीने डब्यात पाणी ओतायला लागला. पाणी चढलं, आत बारीक ‘टिक’ झालं आणि वरून मुलगा ओरडला, “आई, थर्मोस्टॅटचा स्क्रीन गेला!” इतकं साधं काम. काम संपल्यावर तुमच्यासमोर ही बाटलीची चाचणी करून दाखवल्याशिवाय कुणाचंही बिल चुकतं करू नका. दर उन्हाळ्याआधी पंपात थोडं व्हिनेगर ओतलं की चिकटा धरत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आवाज खोलीतल्या एसीइतका, वर झोपायच्या खोलीत ऐकू येत नाही. पाणी 120 फॅरनहाइटवर ठेवलंय. सकाळी लागोपाठ तीन अंघोळी होतात. पाहुणे असले की ‘हायब्रिड’वर टाकते, म्हणजे गरज पडली तर कॉइलही मदतीला येते. हिवाळ्यात हीटरच्या बरोबर वरची लादी पायाला गार लागते, तिथे सतरंजी टाकली.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत गिझर म्हणजे बाथरूममध्ये, स्टुलावर चढलं की हात पोचतो. इथे यंत्र घराच्या पोटात असतं आणि तिथवर माणूस पोचतो की नाही यावरच पुढची दहा-बारा वर्षं ठरतात. कोड म्हणतो, वाट किमान 30 इंच उंच आणि 22 इंच रुंद, दारापासून यंत्रापर्यंत 20 फुटांहून लांब नको, यंत्रासमोर 30 बाय 30 इंचांची सपाट जागा, तिथे दिवा आणि प्लग, आणि दिव्याचा स्विच दारापाशी. घर विकत घेताना टेप घेऊन हे मोजा. स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटकडे नंतर बघितलं तरी चालेल.

एक काम उरलंय. टाकीतला अ‍ॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची सळी, अधूनमधून तपासावी लागते. ती साडेतीन फुटांच्या आसपास लांब असते आणि टाकीवर तुळईपर्यंत दीड फूटही मोकळं नाही. सरळ ओढून ती निघणारच नाही, वाकवून किंवा कापून काढावी लागेल आणि जागी साखळीसारखा सुट्या तुकड्यांचा रॉड घालावा लागेल. तसा रॉड मागवून ठेवलाय. बाटलीवाल्या तंत्रज्ञाला एप्रिलमध्ये बोलावलंय. जुनी सळी किती झिजलीय ते बघून लिहीन.