बीटलचा क्लच घसरतोय: केबल सैल करायची, जुन्या प्लेटला अस्तर मारायचं की पूर्ण सेट?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गेअरमध्ये पाय दाबला. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने रांगत राहिली. मग मागून करपल्यासारखा वास आला. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये (इंजिन मागे असलेली गाडी) आरपीएमचा काटा नसतो, त्यामुळे हे सगळं कानावर आणि नाकावरच ओळखायचं. तुमच्या गाडीचं असंच काही चाललं असेल तर गॅरेजवाला बहुधा म्हणेल, "प्लेट गेली, सेट टाका." प्लेट म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी, दोन्ही बाजूंनी घासणारं अस्तर लावलेली चकती. सेट म्हणजे ती, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग. कदाचित बरोबरही असेल. पण खर्चाला हो म्हणण्याआधी दोन-तीन गोष्टी स्वतः बघता येतात.

आधी खात्री. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गेअरमध्ये 40 च्या वेगाला एकदम पूर्ण पाय दाबा. आवाज चढला पण वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय. आवाजही चढत नसेल तर दोष इंजिनात नाहीतर चिकटून बसणाऱ्या ब्रेकमध्ये शोधा. क्लचला उगाच बदनाम करू नका. हँडब्रेक ओढून चौथ्या गेअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, हीसुद्धा एक जुनी परीक्षा आहे. ती एकदाच करावी. चारचौघांना दाखवायला पुन्हा पुन्हा केलीत तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

आता पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला 10 ते 20 मिलिमीटर ते नुसतंच हललं पाहिजे, मग जड लागलं पाहिजे. हा 'प्ले'. माझ्या गाडीला तो शून्य होता, आणि तरीही एका गॅरेजमध्ये पेडलपासून क्लचपर्यंत जाणारी केबल आणखी आवळून मिळाली! दुसऱ्या दिवशी गाडी सपाट रस्त्यावरही घसरायला लागली. ही चूक फार जण करतात. केबल आवळायची ती गेअर खरखरत पडतात, क्लच नीट सुटत नाही, तेव्हा. घसरतो तेव्हा सैल करायची. कारण प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि प्ले आपोआप कमी होत जातो. तो संपला की बेअरिंग सतत टेकून राहतं, म्हणजे तुम्ही चोवीस तास हाफ क्लचवर गाडी चालवताय असंच समजा.

सैल करायला डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, गिअरबॉक्सजवळ केबलच्या टोकाला पंखांचा नट असतो. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. केबल पक्कडीत धरून नट मागे फिरवा, नाहीतर केबलच पिळते. खर्च शून्य. एवढ्याने घसरणं थांबलं तर वाचलात, पण प्ले लिहून ठेवा. काहीशे किलोमीटरमध्ये तो पुन्हा संपला तर प्लेट शेवटाला आली आहे.

प्ले बरोबर असून घसरत असेल तर इंजिन काढण्याला पर्याय नाही. तेलावर चालणारा क्लच असलेल्या जुन्या गाडीत इथे आणखी एक शक्यता असते: रबरी नळी आतून फुगते आणि तेल परत येऊ देत नाही. बीटलला केबल असल्यामुळे तो प्रश्न नाही.

इंजिन काढणं हा शब्द ऐकून घाबरू नका. पद्मिनीसारख्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट सोडून गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. बीटलचं इंजिन गिअरबॉक्सला चारच ठिकाणी धरलेलं असतं. पेट्रोलची नळी, वायरी, ॲक्सिलरेटर आणि हीटरच्या केबली सोडल्या की ते जॅकवर मागे सरकतं. वजन सुमारे शंभर किलो, म्हणून दोन माणसं हवीत. "उघडलंच आहे तर सगळंच बदला" हा सल्ला पद्मिनीला मी डोळे मिटून देईन, कारण तिथे पुन्हा उघडणं महाग. बीटलला पुन्हा उघडायची मजुरी परवडते. महाग पडतात ते परदेशातून मागवायचे भाग. तेव्हा इथे हिशोब उलटा मांडायचा.

उघडल्यावर आधी तेल आहे का बघा. प्लेट तेलकट असेल तर कुठलीही प्लेट टाका, पुन्हा घसरणारच. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गेअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गेलंय. नाहीतर ते इंजिनाचं तेल, म्हणजे फ्लायव्हीलमागचं (इंजिनाच्या टोकाला, प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या जड चकतीमागचं) सील. ते बदलताना क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याचा) पुढे-मागे होणारा खेळ मोजून घ्या: 0.07 ते 0.13 मिलिमीटर. तो जास्त असेल तर नवं सीलही टिकणार नाही. फ्लायव्हीलचा मोठा नट सुमारे 350 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो, तो अंदाजाने नको. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

तेल नाही, नुसती झीज आहे, तर प्रश्न अस्तर की नवी प्लेट. अस्तर स्वस्त पडतं, दोन दिवसांत मिळतं आणि आपल्याकडे रिव्हेट मारणारे कसबी हात आहेत. पण तुमची मूळ प्लेट चांगली हवी: मधल्या स्प्रिंगा सैल नकोत, अस्तराखालच्या लवचिक पट्ट्या तुटलेल्या नकोत, शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या दात्यांना खेळ नको. परत आल्यावर शाफ्टवर फिरवून वाकडी फिरते का बघा, आणि रिव्हेटची डोकी अस्तराच्या आत बुडालेली हवीत. यातलं एक जरी बिनसलं तरी क्लच सोडताना गाडी थरथरेल. नाना पेठेत चांगली नवी प्लेट मिळाली तर मी अस्तराच्या भानगडीत पडणार नाही. मिळाली नाही तर आनंदाने पडेन.

पूर्ण सेट मागवायचाच असेल तर आधी मोजा. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांना 180 मिलिमीटरचा क्लच, नंतरच्या बऱ्याच गाड्यांना 200 चा. शिवाय 1971 च्या मॉडेलपासून गिअरबॉक्सच्या बाजूला रिलीज बेअरिंगसाठी नळी आली, आणि तिथली प्रेशर प्लेट मधल्या कड्याशिवायची असते. चुकीची आली तर परत पाठवण्यातच महिना जातो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा असतील तर लेथवाल्याला दाखवा. मात्र त्याने फक्त घासणारा भाग कापून चालणार नाही. प्रेशर प्लेट जिथे बसते ती जागाही तेवढीच खाली गेली पाहिजे, नाहीतर दाब कमी पडतो.

माझ्या गाडीची प्रेशर प्लेट स्वच्छ होती. पट्टी आडवी ठेवली, मधून उजेड दिसला नाही, बोटं सारखी झिजलेली. ती ठेवली. प्लेट, रिलीज बेअरिंग आणि दोन्ही सीलं नवी टाकली. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. पंखाचा नट मात्र मी स्वतः लावला.