च्वांग त्झू, काही महिन्यांच्या वापरानंतर: मजकूर पक्का, बांधणी कच्ची

‘ताओ ते चिंग’ हा चिनी ताओवादाचा मूळ ग्रंथ घरात आधीपासून होता आणि त्याची 81 प्रकरणे इतकी छोटी आहेत की ती प्रवासातही वाचून होतात. च्वांग त्झू या प्राचीन चिनी ताओवादी विचारवंताच्या, त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाचा 33 प्रकरणांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद मात्र गेल्या पावसाळ्यात घेतला आणि तो रोज हाताशी असतो. आज लिहायला बसलो ते तिसऱ्या प्रकरणाची पाने सुटून हातात आली म्हणून.

सर्वाधिक उघडली गेली ती हीच पाने. त्यांत बैल कापणारा स्वयंपाकी तिंग आहे, ज्याची सुरी 19 वर्षे वापरूनही नुकतीच धार लावल्यासारखी राहिली आहे. सामान्य स्वयंपाकी घाव घालतो म्हणून त्याला दर महिन्याला सुरी बदलावी लागते. तिंग सांध्यांमधल्या पोकळीतून पाते नेतो. बहुतेक वाचक या सहजतेपाशीच थांबतात. मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे सांगणे: अवघड गाठ आली की तो सावध होतो, नजर स्थिर करतो आणि हात मंद करतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब मी पाहतो. मार्चअखेरीस एका सभासदाच्या थकबाकीचा गुंता समोर आला, तेव्हा नोटीस धाडण्याऐवजी मी पावत्या एकेक करून पासबुकाशी ताडून पाहिल्या आणि त्यांचा धनादेश दुसऱ्याच सदनिकेच्या नावे जमा दाखवलेला सापडला.

पहिली 7 ‘अंतरंग’ प्रकरणे, म्हणजे परंपरेने खुद्द च्वांग त्झूची मानलेली, पुरेशी असून उरलेल्यांचे पैसे उगाच मोजावे लागतात, असे माझे मत होते. ते आता राहिलेले नाही, कारण रिकाम्या होडीचा दाखला 20व्या प्रकरणात आहे. नदी ओलांडताना रिकामी होडी येऊन आदळली, तर तापट माणूसही रागावत नाही. तीत कोणी बसलेले दिसले, तर मात्र तो हाका मारतो आणि तिसऱ्या हाकेनंतर शिव्यांवर येतो. सुटलेल्या पानांबद्दल तक्रार केल्यावर विक्रेत्याकडून मुदत संपल्याचा एकच ठरावीक मजकूर पुन्हा पुन्हा येत राहिला, तेव्हा हा दाखला उपयोगी पडला. तरीही समोरच्याला रिकामे मानणे ही त्याची निम्मीच बाजू आहे. च्वांग त्झूचा रोख स्वतःला रिकामे करण्यावर आहे आणि तेच अतिशय कठीण आहे. तक्रार मी मागे घेतलेली नाही, पण ती आता चार ओळींत मावते.

रोज उघडायच्या पुस्तकाला एवढी किंमत आकारून पाने नुसत्या डिंकावर चिकटवणे मला अक्षम्य वाटते. घेणाऱ्यांनी संपूर्ण आवृत्तीच घ्यावी, शक्यतो शिवलेल्या बांधणीची. तशी न मिळाल्यास पहिल्याच महिन्यात बाइंडरकडून दोऱ्याने शिवून घ्यावी आणि कडा कापताना समास राखण्यास त्याला आधीच बजावावे, कारण टिपा लिहायला तेवढीच जागा आहे.