उपकारस्तुतीची छापील डायरी घ्यावी का?

ख्रिस्ती वाचकांसाठी निघणाऱ्या उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार लिहून ठेवायच्या, डायऱ्या बहुधा एकाच साच्यातल्या असतात. पानाच्या माथ्यावर बायबलमधलं वचन, खाली तीन ते पाच ओळी आणि तळाशी प्रार्थनेला थोडी जागा. मुखपृष्ठ सुबक असतं, कागदही बरा असतो. तरी बऱ्याच डायऱ्या पंधरवड्यात बंद पडतात. त्याचं मुख्य कारण म्हणजे त्यात छापलेला प्रश्न.

‘आज मी कशाबद्दल आभारी आहे?’ एवढंच रोज विचारलं की उत्तरं ठरून जातात: कुटुंब, आरोग्य, काम, घर. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हात लिहितो, मन जागचं हलत नाही. चांगली डायरी बारीक प्रश्न विचारते. आज कोणी तुमचं काम हलकं केलं? काय बिघडू शकलं असतं आणि बिघडलं नाही? मग ‘झोप लागली’ असं मोघम न लिहिता ‘गेले काही दिवस खोकल्याने रात्री उठवलं होतं, काल थेट सकाळीच जाग आली’ असं उतरतं. बायबलमधलं स्तोत्र १३६ असंच आहे. त्यात २६ वचनं आणि प्रत्येकात ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद. पण प्रत्येक वेळी त्याच्या आधी काहीतरी नेमकं येतं: दिवसासाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र, सीहोन आणि ओग हे राजे अगदी नावानिशी, आणि शेवटाकडे प्रत्येक प्राण्याला मिळणारं अन्न. डायरी निवडताना हे स्तोत्र शेजारी उघडून ठेवावं.

दुसरी पारख अंगठ्याने होते. माथ्यावरचं वचन अंगठ्याने झाका आणि उरलेलं पान वाचा. काहीच फरक पडत नसेल तर वचन फक्त शोभेला आहे. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १७) येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले. बरं वाटल्याचा आनंद दहाही जणांना झाला असणार, पण येशूच्या पायाशी आभार मानायला परत आला तो एक शोमरोनी, म्हणजे यहूद्यांनी परका मानलेला माणूस. आभार देवाला उद्देशून हवेत, म्हणून ‘प्रभू, आज तू…’ अशी सुरुवात छापलेली डायरी मला सर्वांत उजवी वाटते. तिथे लिहिता लिहिताच प्रार्थना होते, तळाची वेगळी चौकट लागत नाही.

‘तुमच्यापेक्षा कमी मिळालेल्यांचा विचार करा’ हा प्रश्न दिसला तर डायरी परत ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. लूक १८ मधला परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) आभारच मानत होता, पण ‘मी इतरांसारखा नाही’ याबद्दल.

सगळ्यात मोठी उणीव दिसते ती वाईट दिवसांबाबत. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१८) पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. जे घडलं ते चांगलंच होतं असं मानायला तो सांगत नाही. स्तोत्र १३ अवघं सहा वचनांचं, त्यातल्या चारांत तक्रार आणि विनवणी आहे. भरवसा नंतर येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तरीही छापील डायऱ्यांत विलापाला जागा क्वचितच असते. आठवड्याला एक कोरं पान तरी हवं. नसेल तर त्या दिवशी ओळी सोडून द्याव्यात आणि मनात आहे ते देवाला सरळ लिहावं. ओढूनताणून तीन आशीर्वाद भरले की वहीवरचाच विश्वास उडतो.

तारखा छापलेली डायरी टाळा. चार दिवस चुकले की कोरी पानं टोचतात आणि राहिलेलं एका बैठकीत भरून काढायचा मोह होतो. रोज लिहायलाच हवं असंही नाही. एमन्स आणि मॅकलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या आणि तेवढ्यानेही फरक दिसला. रोज लिहायचं तर तीन ओळी पुरतात. चौथी-पाचवी बहुतेक भरतीची असते. वेळ रात्रीची घ्यावी. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांच्या दिवसाच्या आत्मपरीक्षणातही आधी मिळालेल्या दानांचे आभार आणि मग चुकांची उजळणी, असा क्रम आहे.

बांधणी शिवलेली असावी, पान सपाट उघडावं. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या वहीत आतल्या कडेला लिहिताना एका हाताने पान दाबून धरावं लागतं. महिन्याअखेरी मागचं वाचून एक-दोन ओळी उतरवायला पान असेल तर उत्तम. बायबलच्या यहोशवा ४ मधले यार्देन नदीतून आणलेले बारा धोंडे पुढे मुलांनी विचारावं म्हणूनच रचलेले होते.

हे सगळं साध्या रेघी वहीतही जमतं, आणि ज्याला नेमाने बायबल वाचायची सवय आहे त्याला तीच पुरे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र बारीक प्रश्नांची, बिनतारखेची छापील डायरी खरंच हात देते. कोणाला भेट द्यायची असेल तर एवढं पाहा: घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर आत्ता नको, काही महिन्यांनी द्या.