कायरोप्रॅक्टिक ऑफिस सॉफ्टवेअरवर चालवताना: वर्ष होत आल्यावरचा अनुभव

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका छोट्या कायरोप्रॅक्टिक ऑफिसचा, म्हणजे मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्या दवाखान्याचा, रोजचा कारभार मी बघते. एक डॉक्टर, उपचाराच्या दोन खोल्या, संध्याकाळपुरती येणारी कॉलेजची एक मुलगी आणि काउंटरवर मी. मागच्या हिवाळ्यात आम्ही कागदी कार्डं आणि जुनं बिलिंग बंद करून सगळं काम एका क्लाउड सॉफ्टवेअरवर नेलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला तिची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. शिवाय खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या प्रकारच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला लावून बघता येईल.

साध्या डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी केलेलं सॉफ्टवेअर इथे का चालत नाही, ते आधी सांगते. आमच्याकडे नवा पेशंट आला की सुरुवातीला बहुधा आठवड्यातून तीनदा येतो, मग दोनदा, मग एकदा. एकेक भेट दहा-पंधरा मिनिटांची, आणि नोकरीवरून सुटलेली मंडळी पाच ते सातमध्ये एकदम येतात. म्हणजे एका माणसामागे पुढच्या दोन महिन्यांच्या वेळा एका बैठकीत द्याव्या लागतात. हे काम या सॉफ्टवेअरमध्ये फार छान होतं. गुरुवारची वेळ शुक्रवारी नेली, तर फक्त तीच हलवायची की पुढच्या सगळ्या, हे ते विचारून घेतं. आदल्या दिवशी मेसेज जातो, पेशंट उत्तर देतो आणि माझ्या कॅलेंडरवर रंग बदलतो. न सांगता दांडी मारणारे स्पष्ट दिसण्याइतके कमी झाले आहेत.

टॅबलेटवर नाव नोंदवण्याची सोय तरुणांना आवडते. आमच्याकडे येणाऱ्या मराठी-गुजराती काका-काकूंना नाही. फॉर्म इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, त्यामुळे त्यांच्याजवळ बसून मीच विचारते आणि मीच भरते. त्यात वेळ जातो, पण ती माहिती जास्त खरी मिळते.

मला या सॉफ्टवेअरचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते डॉक्टरांची नोट आणि बिल एकत्र बांधण्यात. कायरोप्रॅक्टिकमध्ये मणक्याच्या किती भागांवर अ‍ॅडजस्टमेंट केली, म्हणजे हाताने दाब देऊन उपचार केले, त्यावर बिलाचा कोड ठरतो. मान, पाठ, कंबर, सेक्रम (कंबरेखालचं त्रिकोणी हाड) आणि पेल्विस (कटिभाग) असे पाच भाग. एक-दोन भागांना ९८९४०, तीन-चारला ९८९४१, पाचही भागांना ९८९४२. डॉक्टर स्क्रीनवरच्या मणक्याच्या चित्रावर खुणा करतात, सॉफ्टवेअर भाग मोजतं आणि कोड सुचवतं. निदानाचे कोड त्या भागांशी जुळत नसतील, तर क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवायची पैशांची मागणी, पुढे जातच नाही. आधी ही विसंगती आम्हाला कळायची ती विमा कंपनीचं नकाराचं पत्र आल्यावर. आता पेशंट कोट घालत असतानाच कळते आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारता येतं.

त्याच दिवशी स्नायू-सांध्यांवर हाताने केलेली मॅन्युअल थेरपी असेल, म्हणजे कोड ९७१४०, तर ती वेगळ्या भागावर झालेली असायला हवी आणि ५९ हा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची खुलाशाची खूण, लावावा लागतो. सॉफ्टवेअर आठवण करतं. पण नोटमध्ये भाग लिहिलेला नसेल, तर नुसत्या मॉडिफायरने काही साधत नाही. मेडिकेअरचंही, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचंही, तसंच. मेडिकेअर कायरोप्रॅक्टरला फक्त मणक्याच्या हाताने केलेल्या अ‍ॅडजस्टमेंटचे पैसे देतं. तपासणी, एक्स-रे, मसाज यांचे नाही. उपचाराने सुधारणा होत असेल, तर एटी मॉडिफायर लावायचा. तब्येत आहे तशी टिकवण्यासाठी येणाऱ्या पेशंटचा खर्च मेडिकेअर देत नाही. अशा वेळी उपचाराआधी एबीएन फॉर्मवर, म्हणजे मेडिकेअर बहुधा पैसे देणार नाही अशी आगाऊ सूचना देणाऱ्या कागदावर, सही घ्यावी लागते. सॉफ्टवेअर तो फॉर्म वेळेवर समोर आणतं, आणि मला ही सोय फार मोलाची वाटते. सत्तरीच्या माणसाला महिनाभराने अचानक बिल पाठवणं मला पटत नाही. खर्च आधी सांगितला की येणारा मोकळ्या मनाने येतो, न येणारा तसं सांगतो.

मागची नोट जशीच्या तशी उतरवणारं बटण मात्र धोक्याचं आहे. डेमोमध्ये वेळ वाचवणारी गोष्ट म्हणून तेच सगळ्यात आधी दाखवतात. सलग आठ भेटींत शब्दन् शब्द तोच आला, तर विमा कंपनीच्या तपासणीत ती नोंद टिकत नाही आणि दिलेले पैसेही परत मागितले जाऊ शकतात. शिवाय पेशंटला खरंच उतार पडतोय का, हे डॉक्टरांनाही त्या नोटमधून कळत नाही. आम्ही सेटिंगमध्ये जाऊन पेशंटची तक्रार आणि तपासणी या दोन रकान्यांपुरतं ते बंद केलं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं बंद करता येतं का, ते विकत घेण्याआधी बघा.

सगळ्यात कच्चा भाग विम्याच्या पडताळणीचा. हिरवी खूण दिसते, पॉलिसी चालू असल्याचं कळतं, पण तेवढ्याने काम भागत नाही. वर्षाला किती भेटी मंजूर आहेत, त्यातल्या किती दुसऱ्या ऑफिसात झाल्या, आधी परवानगी हवी का, कायरोप्रॅक्टिकचा भाग विमा कंपनीने दुसऱ्याच संस्थेकडे सोपवलाय का, यातलं बरंचसं फोन केल्याशिवाय कळत नाही. म्हणून नव्या पेशंटसाठी मी अजूनही फोन करते आणि बोलणाऱ्याचं नाव व संदर्भ क्रमांक नोंदवून ठेवते. जानेवारीत तर सगळ्यांचीच कार्डं नव्याने स्कॅन करते. बहुतेकांचं डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी पेशंटने वर्षात स्वतः भरायची रक्कम) तेव्हा शून्यापासून सुरू होतं आणि डिसेंबरमध्ये दर भेटीला वीस-तीस डॉलर को-पे (पेशंटचा ठरलेला वाटा) देणाऱ्याला पूर्ण रक्कम भरावी लागू शकते. हे त्याला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच सांगायला हवं. सॉफ्टवेअर सांगत नाही, माणसालाच सांगावं लागतं.

गाडीच्या अपघातांचं काम इथे वेगळंच असतं. न्यू जर्सीत त्या उपचारांचं बिल साधारणपणे आधी गाडीच्या विम्याच्या पीआयपी, म्हणजे दुखापतीचा उपचारखर्च देणाऱ्या, भागाकडे जातं. पहिल्या दहा दिवसांनंतर उपचारांची योजना पाठवून पूर्वमंजुरीच्या प्रक्रियेतून जावं लागतं. एकाच पेशंटच्या नावावर दोन वेगळ्या केसेस ठेवता येतात, हे मला फार आवडलं. अपघाताची बिलं, क्लेम नंबर, वकिलाची पत्रं एकीकडे. नेहमीच्या कंबरदुखीचा आरोग्य विमा दुसरीकडे. फॅक्स मात्र अजून सुटलेला नाही आणि त्याचे पैसे वेगळे.

तसे पैसे बऱ्याच गोष्टींचे वेगळे आहेत: मेसेज, कार्ड मशीन, क्लिअरिंगहाउस (क्लेम आमच्याकडून विमा कंपन्यांपर्यंत पोचवणारी मधली संस्था). डेमोतला आकडा आणि महिन्याच्या शेवटी येणारं बिल यांत चांगलाच फरक पडतो. सगळे घटक धरून लेखी अंदाज मागा. क्लेम कोणत्या क्लिअरिंगहाउसमधून जातात आणि ते बंद पडलं तर दुसरी वाट कोणती, हेही विचारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या मोठ्या क्लिअरिंगहाउसवर सायबर हल्ला झाला, तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी लहान ऑफिसांचे क्लेम आठवडेच्या आठवडे अडकले होते. इंटरनेट गेलं तर काय, म्हणून मी रोज सकाळी दिवसाची यादी कागदावर छापून ठेवते. एकदा ऐन संध्याकाळी सिस्टिम बंद पडली, तेव्हा त्याच यादीवर सगळे पेशंट पार पडले.

कंपनीची मदत सकाळी झटपट मिळते. संध्याकाळच्या गर्दीत चॅटवर ताटकळावं लागतं, आणि आम्हाला गरज नेमकी तेव्हाच असते.

आम्ही पुढच्या वर्षासाठी करार वाढवला आहे. तीन वर्षांच्या करारावर सूट देत होते, ती घेतली नाही. सॉफ्टवेअर सोडताना आमच्या सगळ्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात, एक्स-रेसकट परत मिळतील, हे कलम आधी लिहून घेतलं आणि मगच डॉक्टरांनी सही केली. न्यू जर्सीत कायरोप्रॅक्टरला पेशंटच्या नोंदी शेवटच्या नोंदीपासून सात वर्षं सांभाळाव्या लागतात.