टामिया फाईन सरफेस प्रायमर, लाइट ग्रे, 180 मिलीचा कॅन

दिवाळीच्या सुट्टीत एअरफिक्स कंपनीचं 1/72 स्पिटफायर (लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) पूर्ण केलं आणि पहिल्यांदाच धड प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला, म्हणून लिहितोय. आधी मी हार्डवेअरच्या दुकानातला गाड्यांचा कुठलातरी स्प्रे मारायचो, एकदा त्याने पंखाची कड चक्क विरघळली, मग कळलं की किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोलचंच भावंड, जहाल थिनर लागला की गेलंच.

हा कॅनपण लॅकरच (थिनरवाला रंग) आहे हां, वास डोक्यात जातो, मास्क लावून गच्चीत मारा (मला आईने घरात कॅन उघडूच दिला नाही). पण किटला धरून बसतो, खात नाही. आणि थर किती बारीक! 1/72 ला पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा) मुळातच उथळ, प्रायमर जाड बसला की बुजल्याच, इथे दोन हात मारूनही सगळ्या दिसत होत्या.

खरी गंमत म्हणजे एकसारख्या करड्या रंगात आपली सगळी पापं दिसतात. फ्युजलाजचा (विमानाच्या धडाचा) जोड मला एकदम गुळगुळीत वाटत होता, प्रायमर बसला आणि पाठीवर ही चीर! परत लांबी (चीर भरायची पुट्टी), परत हजार नंबरचा पॉलिश पेपर, परत प्रायमर, रविवार गेला. पण नंतर वरून टामियाचेच एक्सएफ-81 हिरवा आणि एक्सएफ-82 ओशन ग्रे मारले आणि मास्किंग टेप काढताना एक टवका निघाला नाही.

मारायच्या आधी पार्ट भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल राहिलं तर कुठलाच प्रायमर धरत नाही. थंडीत कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कोमटच, उकळत्या नाही. पावसाळ्यात मात्र नादच सोडा, लॅकर उडताना पार्ट गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि पांढरट झाक येते.

बारीक पार्ट डबल टेपने घट्ट चिकटवा, मी आळस केला आणि एक चाक उडून शेजारच्या काकूंच्या तुळशीत.

किंमत? स्पिटफायरच्या किटच्या जवळपास जाते, दुखतं. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग उडवणारं पेन) असेल तर बाटलीतला मिस्टर सरफेसर 1500 प्रायमर बघा, माझ्याकडे नाहीये, आणि हलवून बघितलं तर कॅन अजून अर्धा तरी आहे.