वारसा लावायला गेलो आणि हक्क सोडून आलो

पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं वाचा. कर्नाटकात शेतजमिनीचा वारसा लावायला, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं उताऱ्यावर चढवायला, सब-रजिस्ट्रार कचेरीत, जिथं दस्त नोंदवतात तिथं, जावं लागत नाही. वारसा नाड कचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, अर्ज देऊन लागतो. मृत्यूचा दाखला, वंशावळ, सगळ्या वारसांची आधार कार्डं आणि मागितलं तर नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर काम होतं. तुम्हाला कॅमेऱ्यापुढे बसवून फोटो काढला, अंगठ्याचा ठसा घेतला, तर समजा की तिथं कुणीतरी कुणाला तरी काहीतरी लिहून देतंय. बहुतेक वेळा लिहून देणाऱ्या तुम्हीच असता. 2021 च्या श्रावणात मला हे कुणी सांगितलं असतं तर आज आईला कोर्टाच्या बाकावर बसवायची वेळ आली नसती.

आमचं माहेर बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. आप्पांनी उद्यमबागच्या फाउंड्रीत आयुष्यभर भट्टीपुढे काम केलं आणि 1991 मध्ये रस्त्याला लागून दीड एकर जमीन घेतली. आजोबांकडून आलेलं भाताचं शिवार वेगळं. आम्ही तिघं भावंडं. आक्का थोरली, तिचं लग्न 1993 मध्ये चंदगड तालुक्यात झालं. मग दादा, मग मी. मी बेळगावात वडगावला राहते. आप्पा 2020 च्या डिसेंबरात गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. विषय काढला की म्हणायचे, "सगळं पोरांचंच आहे की, कागद कशाला?" त्यांच्या लेखी पोरांत आम्ही मुलीही होतो, हे मी शपथेवर सांगेन.

आठ महिन्यांनी दादाचा फोन आला. "अगं, आप्पांचा वारसा लावायचा राहिलाय. तुम्ही दोघी आणि आई, तिघींच्या सह्या लागतात. एक दिवस ये की." मी शाळेत मराठी माध्यमात शिकले. बाजारापुरतं कन्नड बोलते, समोरच्याचं समजतंही, पण वाचता येत नाही. आक्काला तर बोलताही येत नाही. ठरल्या दिवशी आक्का पहाटेच्या एसटीने आली आणि आम्ही चौघं तालुक्याच्या कचेरीत गेलो.

बाहेर बॉन्ड रायटरचं टेबल होतं. कागद आधीच टाइप करून तयार होते, सगळे कन्नडमध्ये. त्या माणसाचा हात मला अजून दिसतो. गठ्ठा त्याने डाव्या तळव्याखाली दाबून धरला होता आणि उजव्या हाताने प्रत्येक पानाचा फक्त खालचा कोपरा उचलायचा. "इथं, इथं, आणि इथं." वरचं पान मला एकदाही पूर्ण दिसलं नाही. मी विचारलं, "हे काय आहे?" दादा म्हणाला, "वारशाचंच गं, काय नाही." आईचा अंगठा त्याने स्वतः धरून शाईच्या पॅडवर टेकवला. आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, "ओप्पिगे इदेया?" म्हणजे संमती आहे का. मला प्रश्न कळला. मी "हौदु" म्हटलं. संमती होतीच माझी, वारसा लावायला. फोटो निघाले, ठसे झाले, अर्ध्या तासात आम्ही बाहेर. येताना दादाने बेळगावात कुंदा घेतला आणि आम्हा दोघींना एकेक इरकल साडी. आक्का एसटीत बसताना म्हणाली, "आप्पा गेल्यावर माहेर संपलं असं वाटलं होतं, पण दादा आहे."

सव्वादोन वर्षं काही कळलं नाही. 2023 च्या दिवाळीत आई माझ्याकडे आली आणि बोलता बोलता म्हणाली, "रस्त्याकडच्या शेतात दगडं पुरलीत, कोण माणसं मोजून गेली." मी भूमी या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या वेबसाइटवरून उतारा काढला. माझी मुलगी नववीत आहे, तिला शाळेत कन्नड आहे. तिने मोबाइल हातात घेतला आणि बोट ठेवत वाचू लागली. आपल्याकडच्या उताऱ्यात, म्हणजे पहाणीत, नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं, दहाव्यात ते नाव कशामुळे आलं ते, आणि अकराव्यात कर्ज, बोजा, इतर हक्क. नवव्या रकान्यात एकट्या दादाचं नाव होतं. आईचं नाही, आक्काचं नाही, माझं नाही. मुलीला वाटलं तिचं वाचायला चुकलं, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दुसऱ्या दिवशी ई.सी. काढली. सब-रजिस्ट्रारकडे त्या सर्व्हे नंबरवर कुठकुठले दस्त झाले ते त्यात येतं. मग फी भरून त्या दस्ताची नक्कल मागितली. खरेदी, बक्षीस, हक्कसोड अशा जमिनीच्या नोंदवलेल्या दस्ताची नक्कल कुणालाही मिळते, हेही मला तेव्हाच कळलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "हक्कु बिडुगडे पत्र". हक्कसोडपत्र. हे दोन शब्द कुणी मोठ्याने वाचले असते तर अर्थ सांगायची गरजही पडली नसती, कन्नडमधलं "हक्कु" मला लहानपणापासून कळतं. आत लिहिलं होतं की आम्ही तिघींनी आपापल्या खुशीने दादाच्या नावे सगळा हक्क सोडला आणि त्यापोटी प्रत्येकीला 25,000 रुपये रोख पोचले. शेवटी नेहमीची ओळ, मजकूर वाचून, ऐकून, समजून घेऊन सही केली. त्या ओळीखाली माझी वळणदार मराठी सही आहे. आक्काला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडं सातबारा मराठीत असतो गं. मी वाचला असता."

पैसे पोचले नाहीत हे तर झालंच. मला जास्त लागलं ते आईचं. आप्पांनी स्वकष्टाने घेतलेल्या दीड एकरात आई, दादा, आक्का आणि मी, चौघांचा सारखा वाटा, म्हणजे प्रत्येकी 15 गुंठे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगा आणि मुलगी एकाच ओळीत बसतात. आईला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं की जमीन आधी नवऱ्याची, मग मुलाची, आपण मध्ये फक्त राहायचं.

दादाशी बोलायला गेले तेव्हा त्याने तीन गोष्टी तोंडावर फेकल्या. त्या तिन्ही मी नंतर कितीतरी घरांतून ऐकल्या, म्हणून इथे उत्तरांसह लिहिते.

एक, "लग्न होऊन गेलेल्या मुलींना वडिलोपार्जितात काही नसतं." खोटं आहे. कर्नाटकाने 1994 मध्येच मुलींना जन्माने हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र त्यात बसत नव्हत्या, म्हणून आक्का तेव्हा बाहेर राहिली असती. पण 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राचा दुरुस्ती कायदा आला आणि लग्नाची अट गेली. पुढे 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवे होते असं नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत, हे लक्षात ठेवा, नाहीतर उगाच आशा लागते.

दोन, "सोसायटीतल्या ठेवीला नॉमिनी मी आहे, म्हणजे ती माझी." नॉमिनीने पैसे घ्यायचे असतात ते वारसांच्या वतीने. मालक वारस असतात.

तीन, "उताऱ्यावर नाव चढलं, आता काही होत नाही." उताऱ्यावरचं नाव ही महसुलाची नोंद आहे. मालकी कुणाची हे दिवाणी कोर्ट ठरवतं. नोंद होण्याआधी हरकतीसाठी नोटीस काढायची असते, आणि हरकत आली की तहसीलदार कचेरीत सुनावणी होते. आमच्या नोटिशीवर कुणी हरकत घेणार? ती चावडीवर लागली असेल तर कन्नडमध्येच लागली असणार, आणि गावात आई एकटी. नोंद झाल्यावरही प्रांतांकडे अपील करता येतं.

पोलिसांनी "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवलं. खासगी वकिलाची फी परवडणारी नव्हती. तेव्हा शेजारच्या एका अंगणवाडी सेविकेने सांगितलं की 1987 च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. मी कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेले, साध्या कागदावर अर्ज लिहिला, आणि वकील मिळाला. जिल्ह्याला ते प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते. आक्का विचारत होती की चंदगडला दावा घालता येईल का, तिला येणं-जाणं सोपं पडलं असतं. नाही घालता येत. जमीन जिथं, दावा तिथं.

मार्च 2024 मध्ये दावा दाखल झाला. हक्कसोडपत्र आमच्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करा, वाटणी करून ताबा द्या, आणि निकालापर्यंत जमीन विकायला मनाई करा, अशा मागण्या आहेत. असा दस्त रद्द करून मागायला तीन वर्षांची मुदत असते, आणि ती फसवणूक कळल्यापासून मोजतात. म्हणून ज्या दिवशी कळलं त्या दिवसाचा पुरावा जपा. मी ई.सी.ची पावती जपली आहे. वकिलांनी असंही सांगितलं की दावा चालू असताना दादाने जमीन विकली तरी घेणाऱ्याला निकाल पाळावाच लागेल. पण ते ऐकून झोप लागत नाही. एकदा प्लॉट पडून लोकांची घरं उभी राहिली की त्या लोकांनाही रडायची वेळ येते.

मला कुणाही बहिणीला भावाविरुद्ध उभं करायचं नाही. समजून-उमजून हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत, भाऊ अडचणीत असतो, आईबापांना त्याने सांभाळलेलं असतं. त्यांनी जरूर सोडावा. फक्त सहीच्या आधी दोन दिवस कागद घरी आणावा, आपल्या विश्वासातल्या, भावाच्या नव्हे, माणसाकडून मराठीत वाचून घ्यावा, आणि शेवटच्या ओळीत "मजकूर अमुक यांनी मराठीत समजावून सांगितला" असं लिहून त्या माणसाची सही घ्यावी. ज्याच्या मनात खोट नाही तो भाऊ दोन दिवस थांबेल. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, मराठीत कागद मिळावेत ही मागणी त्याहून जुनी आहे आणि ती रास्त आहे. पण आज सही करायची आहे ती आजच्या कन्नड कागदावर.

लहान मुलं पदरात असलेल्या विधवांना वेगळं सांगते. निपाणीकडची एक बाई भेटली, तिला दीर म्हणत होता, "पोरांच्या वतीने तूच सही कर." अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांची स्थावर मालमत्ता आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा देता येत नाही. तिने हे दिराला सांगितल्यावर घाई आपोआप थांबली.

आणि ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी आजच विषय काढा. मृत्युपत्र मराठीत चालतं, साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी त्याला सही करताना पाहिलं आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवावी. हयातीत कितीदाही बदलता येतं. वडिलोपार्जितात फक्त आपल्या वाट्यापुरतं लिहिता येतं. आप्पांना एक दुपार लागली असती.

आई आता माझ्याकडे असते. दर महिन्याच्या एक तारखेला मी उतारा काढते आणि मुलगी वाचते. गल्लीत हे पसरलं आहे, त्यामुळे रविवारी दोघी-तिघी आपापले कागद घेऊन येतात. गेल्या रविवारी एक म्हातारी आली, हातात घडी घातलेला कागद, मुलगा बाहेर स्कूटरवर थांबलेला. मुलीने तो दोनदा वाचून दाखवला. तो खरोखर वारशाचा अर्ज होता, नाड कचेरीचा, त्यात तिचंही नाव होतं आणि तिच्या दोन्ही मुलींचंही. म्हातारीने मुलाला आत बोलावलं, आमच्याच ओट्यावर बसून सही केली आणि पाणी पिऊन गेली.